८५ तासांची वैमानिक: एमी जॉन्सनकडे हँगरमधून बघताना

विमान देखभालीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. एमी जॉन्सन १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेली तेव्हा तिच्या गाठीशी जेमतेम ८५ तासांचा अनुभव होता, मग ती नशिबानंच पोचली म्हणायची का? वाटेत तिनं इतक्यांदा विमान मोडून घेतलं, तरी तिला मोठी वैमानिक का मानायचं? आणि ज्या मुलीला पुढं वैमानिकच व्हायचंय तिनं एएमई, म्हणजे विमान देखभालीचं अभियांत्रिकी, शिकण्यात वर्षं घालवावीत का?

तुला एकेरीच हाक मारते, माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे. मी ३४ वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. पहिली नऊ एका फ्लाइंग क्लबात पुष्पक नावाच्या छोट्या शिकाऊ विमानांवर, पुढची जेटवर. त्यामुळे हे उत्तर हँगरमधल्या बाईचं आहे. एमीला समजून घ्यायचं तर तिथूनच बघायला हवं असं माझं ठाम मत आहे. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिला आकाशात बघतात. माझ्या डोळ्यांसमोर ती रोज संध्याकाळी येते ती हातात पाना धरून, आठ-दहा तास उडून आल्यावर इंजिनाचं झाकण उघडून उभी असलेली.

आधी तासांचा हिशेब करू. आकडा बरोबर आहे. उडवल्याचे तास साधारण ८५ आणि त्यापूर्वीचा सगळ्यात लांबचा पल्ला लंडन ते हल, म्हणजे तिचं घर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आता निघाली होती १८,००० किलोमीटरला. आज आपल्याकडे व्यावसायिक परवान्यालाच २०० तास लागतात, तेव्हा तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील तर त्यात नवल नाही.

पण तिचा दुसरा हिशेब कुणी मांडत नाही. हलमधल्या मासळीच्या व्यापाऱ्याची ही मुलगी, जन्म १ जुलै १९०३. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन पदवी, मग लंडनला एका वकिलाच्या कार्यालयात नोकरी. १९२८च्या सप्टेंबरात स्टॅग लेन इथल्या लंडन एरोप्लेन क्लबात शिकायला लागली. पहिल्याच धड्यात डोक्यावरचं हेल्मेट मापाचं नव्हतं, शिक्षकाचं बोलणं कानापर्यंत पोचेना, आणि उतरल्यावर ऐकायला मिळालं की तुझ्यात उडण्याचा गुणच नाही. एकटीनं विमान उडवायला तिला १५ तास ४५ मिनिटं लागली. बऱ्याच जणांना त्याहून पुष्कळ कमी लागतात. म्हणजे जन्मजात हात वगैरे काही नव्हता. जुलै १९२९मध्ये परवाना मिळाला.

मात्र त्याच क्लबाच्या हँगरमध्ये जॅक हम्फ्रीज नावाचे मुख्य ग्राउंड इंजिनियर होते, आणि त्यांनी या मुलीला आत येऊ दिलं. ती ऑफिसच्या आधी येई, ऑफिस सुटल्यावर येई, आणि शेवटी नोकरीच सोडून दिवसभर तिथं राबू लागली. हँगरमधले लोक तिला 'जॉनी' म्हणत. डिसेंबर १९२९मध्ये तिनं ग्राउंड इंजिनियरचा 'सी' परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

'सी' या अक्षरापाशी मला थोडं थांबू दे. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत 'ए' म्हणजे विमानाच्या सांगाड्याची उड्डाणाआधीची तपासणी, 'सी' म्हणजे इंजिनाची. 'बी' आणि 'डी' त्यांच्या मोठ्या दुरुस्तीचे. आपल्याकडे ही अक्षरं तशीच आली आणि आत्ताआत्तापर्यंत टिकली. तुम्हा मुलांना आता लायसन्सचे बी-१, बी-२ हे वर्ग माहीत, पण माझ्या पहिल्या लायसन्सवर 'ए' आणि 'सी' हीच अक्षरं होती. ते लायसन्स हातात आलं त्या दिवशी मला एमी आठवली होती. त्या सहीचा अर्थ आपल्या धंद्यात एकच: या इंजिनाच्या भरवशावर दुसरा कुणी जिवानिशी आकाशात जाणार आहे आणि मी म्हणते की जाऊ दे. एमीच्या बाबतीत सही करणारी आणि जाणारी एकच होती.

मी क्लबात लागले तेव्हा चीफ इंजिनियरनी दोन महिने फक्त सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला लावले. मला वाटलं, मुलगी म्हणून टाळतायत. राग यायचा, रात्री रडायचेसुद्धा. मग एक दिवस त्यांनी धुतलेल्या भागांच्या ढिगातून एक रॉकर आर्म, म्हणजे इंजिनाची झडप उघडणारा छोटा दांडा, उचलला आणि विचारलं, "हा त्या बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा का झिजलाय?" मला उत्तर देता आलं, आणि आपण उत्तर देऊ शकतो याचा मलाच धक्का बसला. दोन महिने हातांनी पाहिलं होतं ना. एमीनं स्टॅग लेनला जे कमावलं ते हेच होतं, आणि ते कुठल्याही वैमानिकाच्या लॉगबुकात तासांनी मोजलं जात नाही.

आता तिचं विमान. द हॅविलंड कंपनीचं जिप्सी मॉथ, जुनं, ६०० पौंडांना घेतलेलं. निम्मे पैसे वडिलांनी दिले, निम्मे तेलाच्या व्यवसायातल्या लॉर्ड वेकफिल्ड यांनी. वडिलांच्या मासळीच्या व्यापारातलं बोधचिन्ह 'जेसन', तेच नाव विमानाला. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, प्लायवुडचं धड, लाकडी पंखांवर ताणलेलं कापड, पुढं चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं, सुमारे १०० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन. चाकांना ब्रेक नाहीत. शेपटीला चाक नाही, जमिनीवर घासत जाणारी एक पट्टी. वैमानिक मागच्या खड्ड्यात बसतो, त्यामुळे उतरताना नाक वर झालं की समोरचं काही दिसत नाही, मान बाहेर काढून कडेनं बघायचं. रेडिओ नाही. हे सगळं लक्षात ठेव, पुढं कामाला येणार आहे.

पुढच्या बैठकीच्या जागी जादा पेट्रोलच्या टाक्या बसवल्या होत्या. इंजिनाला पेट्रोल मिळायचं ते वरच्या पंखातल्या टाकीतून, आपल्या वजनानं खाली येऊन. म्हणजे खालच्या टाक्यांमधलं पेट्रोल उडता उडता हातपंपानं वर चढवत राहायचं. उघडी कॉकपिट, पेट्रोलचा वास, ढवळणारं पोट आणि एका हातानं पंप. क्लबात बंद शेडमध्ये दुपारभर टाकीचं काम केलं की संध्याकाळी आम्हाला जेवण जात नसे. तिनं ते दिवसच्या दिवस केलं.

शिवाय एक जादा प्रोपेलर विमानाच्या अंगाला बाहेरून बांधून घेतला होता. पाहणाऱ्याला तो विचित्र दिसला असेल. मला त्यात इंजिनियर दिसते. वजन आणि हवेचा अडथळा दोन्ही वाढतात हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तो घेतला, कारण वाटेत कुठं तरी नाक जमिनीला लागणार आणि लाकडी प्रोपेलर फुटणार, एवढं तिनं गृहीत धरलं होतं.

५ मे १९३० रोजी ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली होती. ती कराचीला पोचली तेव्हा सोलापुरात लोकांनी कारभार हाती घेतला होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. तिची बातमी आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानावर पडली असेल तर ती अशा धामधुमीत, एवढं ध्यानात असावं म्हणून सांगते.

वाट तिनं सरळ रेषेत आखली: व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची. सरळ म्हणजे मध्ये टॉरसचे डोंगर आले. भरलेल्या टाक्यांनिशी ११,००० फुटांवर इंजिन खोकायला लागलं, तेव्हा तिनं उंचीचा नाद सोडला आणि खाली येऊन रेल्वेचे रूळ बघत खिंडीतून ढगांखालून वाट काढली. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळानं तिला वाळवंटात खाली आणलं. तिथं तिनं काय केलं ते बघ. उतरल्याबरोबर विमानाचं तोंड वाऱ्याकडे केलं, चाकांमागे सामानाच्या पिशव्या लावल्या, इंजिनावर कॅनव्हास ओढला, पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या भोकावर रुमाल बांधला, आणि मग शेपटीवर बसून राहिली, सुमारे तीन तास, हातात पिस्तूल घेऊन, कारण कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं. लिहिणाऱ्यांना पिस्तूल आवडतं. मला तो रुमाल महत्त्वाचा वाटतो. बारीक वाळू सिलिंडरात गेली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते, पिस्टनच्या रिंगा तासाभरात खाऊन टाकते. पेट्रोलमध्ये गेली की कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकते. घाबरलेल्या माणसाला आधी आपलं तोंड झाकायचं सुचतं. तिला टाकीचं भोक सुचलं.

कराचीला ती सहाव्या दिवशी पोचली. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हिंकलर १९२८ साली एकटा याच प्रवासाला निघाला होता, त्याला इथवर आठ दिवस लागले होते. इथून पुढं जग तिच्याकडे बघू लागलं. त्याच महिन्यात जेआरडी टाटा आणि अॅस्पी इंजिनियर आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड-भारत या मार्गावर एकमेकांच्या उलट दिशेनं उडत होते, दोघेही जिप्सी मॉथमध्येच. इजिप्तमध्ये अबुकीरला अॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले, आणि पारितोषिक अॅस्पींनी जिंकलं. पुढं ते हवाई दलाचे प्रमुख झाले. हा प्रसंग जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगतात, सांगायलाच हवा. पण त्यातून त्या काळच्या उड्डाणाचं वास्तवही दिसतं: खिशात मावणाऱ्या एका वस्तूवाचून माणूस एका खंडात अडकायचा.

म्हणूनच एमीची रोजची संध्याकाळ माझ्या दृष्टीनं या प्रवासाचा कणा आहे. प्लग काढून साफ करणं, टॅपेटची, म्हणजे झडपांची, फट तपासणं, रॉकरना ग्रीस, तेल बदलणं, ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोकडे नजर. पेट्रोल त्या काळी शॅमॉय कातड्यातून गाळून भरत, कारण त्यातून पेट्रोल उतरतं आणि पाणी वर राहतं. तू आज टाकीच्या तळातून काचेच्या भांड्यात पेट्रोल काढून पाण्याचा थेंब शोधतेस, त्याचीच ही जुनी पद्धत. गर्दी, हारतुरे, अधिकाऱ्यांची जेवणं हे सगळं सांभाळून हे करायचं आणि तीन-चार तास झोपून पहाटे निघायचं. एकोणीस-वीस दिवसांच्या त्या प्रवासात इंजिनानं तिला भर समुद्रावर दगा दिला नाही. याला मी नशीब म्हणणार नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, मोडतोडीचा. कराचीहून अलाहाबादला जाताना वारा समोरून होता, पेट्रोल संपत आलं आणि ती झाशीला लष्करी छावणीच्या परेड मैदानावर उतरली. विमान थांबता थांबेना. शिपाई पांगले, पंख एका पाटीवर आदळला आणि विमान बराकींच्या मध्ये जाऊन अडकलं. मघाशी सांगितलेलं आठव: ब्रेक नाहीत, पुढचं दिसत नाही. त्यात मे महिन्यातली झाशी. गरम हवा विरळ असते, वेगाचा तोच आकडा काट्यावर दिसत असताना विमान जमिनीवरून प्रत्यक्षात जास्त वेगानं धावतं. हे सगळं खरं. तरीही हे लँडिंग चुकलंच होतं. तिचा अंदाज लांब पडायचा, हा तिचा कायमचा कच्चा दुवा, आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी तो लपवण्यात मला अर्थ दिसत नाही.

झाशीत तुटलेला पंख सुताराच्या आणि शिंप्याच्या हातांनी उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला गेली. सुतार आणि शिंपी वाचून हसू येईल, पण ते विमान होतंच सुतारकामाचं आणि शिवणकामाचं. फरक एवढाच की सुताराला काय सांगायचं हे कुणाला तरी माहीत हवं. तुटलेल्या लाकडाला जोड द्यायचा तर तिरकस काप साधारण एकास बारा उताराचा हवा, रेषा सरळ असलेलं लाकूड हवं, गाठ नको. अशा वर-खाली पंखांच्या विमानात त्यानंतर पंख बांधून ठेवणाऱ्या तारांचे ताण जुळवावे लागतात; एक पंख जरा पिळलेला राहिला तर विमान दिवसभर त्या बाजूला झुकतं आणि वैमानिकाचा दंड भरून येतो.

खरी कसोटी रंगूनला लागली. पावसाळ्याआधी सुटायचं म्हणून ती मे महिन्यात निघाली होती, पण ब्रह्मदेशात पावसानं गाठलंच. रंगूनचं रेसकोर्स समजून ती इन्सीन इथल्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि पुढच्या चरात गेली. प्रोपेलर फुटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंख फाटला. वर्णनं वाचली तर ती तिथं उभी राहून रडली. रडू दे. मीही माझ्या हातून पहिल्यांदा पंखाला भोक पडलं तेव्हा रडले होते.

मग जे घडलं ते मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात सुंदर वाटतं. विमान उतरलं होतं तांत्रिक शाळेच्या दारात. विद्यार्थी आणि शिक्षक कामाला लागले. पंखासाठी कापड हवं होतं. पहिल्या महायुद्धानंतर उरलेलं विमानाचं लिनन बाजारात विकलं गेलं होतं आणि त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट उसवून जेसनच्या पंखाला ठिगळं लागली. लिननच का? ओलं झाल्यावर ते कमजोर होत नाही आणि त्याचा धागा डोप, म्हणजे कापड ताठ करणारं द्रावण, नीट धरतो. साधं कापड लावलं असतं तर पहिल्याच पावसात सैल पडलं असतं.

डोप तुझ्या पिढीला पुस्तकातच भेटतं, म्हणून सांगते. सेल्युलोजचं पातळ द्रावण, नाकात चढणाऱ्या वासाचं. कापडावर थरावर थर देत गेलं की वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. आम्ही बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचो. आवाज बद्द आला तर काम परत. आणि डोपचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे दमट हवा. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि डोप पांढरं पडतं, कापडाला ताण येत नाही. जून-जुलैत आमच्या शेडमध्ये डोपचं काम बंदच असायचं. एकदा घाईनं केलं होतं, कारण वरून दबाव होता. दुसऱ्या दिवशी अख्खा पंख पांढरा फटक. सगळं खरवडून काढायला चार दिवस गेले. इन्सीनला मे महिन्याच्या मध्यावर, पाऊस पडत असताना, त्या लोकांनी तीन दिवसांत विमान उडण्याजोगं केलं, हे वाचताना मी दर वेळी पुस्तक मिटून जरा वेळ बसते.

प्रोपेलर? तो जादा बांधून आणलेला होताच. तुझ्यासारखीला इथं लगेच प्रश्न पडायला हवा: प्रोपेलर आपटल्यावर क्रँकशाफ्टचं, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याचं काय? बरोबर. आज असा आघात झाला की इंजिन उतरवून शाफ्ट तपासल्याशिवाय मी सही करणार नाही. लाकडी प्रोपेलरचा एक गुण असा की तो स्वतः ठिकऱ्या होऊन बराचसा आघात पचवतो, धातूच्या पात्यासारखा सगळा धक्का शाफ्टला देत नाही. जिप्सी इंजिन त्यातून वाचलं आणि पुढं डार्विनपर्यंत चाललं.

या तीन दिवसांत हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मात्र हातचा गेला. पुढचं थोडक्यात: बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर. जावा बेटावर चोमाल इथं उसाच्या मळ्यापाशी उतरताना बांबूच्या खुंट्यांनी खालच्या पंखाचं कापड फाटलं, ते तिनं जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनं बंद केलं. तात्पुरती दुरुस्ती आणि धोकादायक दुरुस्ती यांच्यातली रेषा तिला ठाऊक होती. कापडाला छोटं भोक आणि आतली पट्टी, म्हणजे पंखाला आकार देणारी लाकडी बरगडी, शाबूत असेल तर चिकटपट्टी चालते, पट्टी मोडली असेल तर नाही. शेवटी तिमोरहून सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र. मध्यावर 'फोरस' नावाचं तेलवाहू जहाज दिसलं तेव्हा आपण वाटेवर आहोत याची खात्री पटली. २४ मे १९३० रोजी दुपारी डार्विन. साडेएकोणीस दिवस. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीनं उडत जाणारी पहिली स्त्री.

पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला हजारो लोकांसमोर उतरताना तिचा अंदाज पुन्हा लांब पडला आणि जेसन उलटं झालं. ती सुखरूप बाहेर आली. गावोगावी मिरवायचं होतं; झोप, शांतता, हँगर काहीच उरलं नव्हतं. थकलेल्या वैमानिकाचा पहिला बळी लँडिंग असतं, हे मी पुढं जेटच्या काळातही पाहिलं.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. नुसत्या विमान हाताळण्याच्या कसबावर एमीला क्रमांक द्यायचा तर तिच्या काळात तिच्याहून सरस लोक होते. पण त्या काळी लांबच्या उड्डाणात 'वैमानिक' या शब्दात बरंच काही मावायचं: वाट काढणारा, हवामान वाचणारा, मिस्त्री, हमाल, आणि अनोळखी गावात मदत गोळा करणारा माणूस. तोडलेलं जोडून पहाटे पुन्हा निघणं हा त्या कामाचा अर्धा भाग होता, आणि त्या अर्ध्यात तिच्या तोडीचे फार कमी होते.

उलट बाजूही सांगते, कारण ती आपल्याच भूमीवर घडली. १९३२ साली तिनं जिम मॉलिसन या नामवंत वैमानिकाशी लग्न केलं. १९३४च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीत ही जोडी 'ब्लॅक मॅजिक' या दोन इंजिनांच्या वेगवान विमानात उतरली आणि कराचीपर्यंत विक्रमी वेळेत पोचली. पुढं वाट चुकून जबलपूरला उतरावं लागलं. तिथं विमानाचं पेट्रोल नव्हतं, बस कंपनीचं मिळालं, ते भरलं. त्या इंजिनांचं कॉम्प्रेशन शर्यतीसाठी वाढवलेलं होतं; कमी ऑक्टेनचं पेट्रोल अशा इंजिनात ठिणगीची वाट न बघता आपसूक भडकतं, पिस्टनवर हातोडे पडावेत तसे ठोके बसतात, उष्णता वाढते आणि पिस्टन जातो. अलाहाबादला त्यांची शर्यत संपली. जेसनमध्ये इंजिन ओळखीचं होतं, रोज तिच्या हाताखालून जायचं. इथं विमान वेगळं, घाई वेगळी, आणि निर्णय एकटीचे नव्हते. माझ्या मते एमीची दोन रूपं शेजारी ठेवून बघावीत अशी हीच जागा आहे: इन्सीन आणि जबलपूर.

त्यानंतरही ती हँगरला विसरली नाही. १९३५ ते ३७ या काळात ती ब्रिटनमधल्या महिला अभियंत्यांच्या सोसायटीची अध्यक्ष होती. १९४० साली युद्धात नवी-जुनी विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवणाऱ्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत ती दाखल झाली, आणि ५ जानेवारी १९४१ रोजी एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान नेताना, दाट ढगांच्या दिवशी, वाटेपासून दूर टेम्सच्या मुखाशी समुद्रात पडली. 'हॅसलमियर' नौकेवरचे लेफ्टनंट कमांडर वॉल्टर फ्लेचर यांनी थंड पाण्यात उडी घेतली, तेही वाचले नाहीत. एमीचा देह मिळाला नाही. ती ३७ वर्षांची होती.

जेसन आहे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे, हिरवं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच लहान. आपल्याकडेही १९३६ साली सरला ठकराल यांनी लाहोरला साडी नेसून उडवलं ते याच जातीचं विमान.

आता तिसरा प्रश्न. एएमईची वर्षं वैमानिकाच्या तासांत मोजली जाणार नाहीत, हे आधीच सांगते, आणि दोन्ही करायला पैसा आणि वेळ दुप्पट लागतो. आज विमानात बसलेल्या वैमानिकानं इंजिन उघडायचं नसतं, कायद्यानं तशी मुभाही नाही. घरची परिस्थिती ताणलेली असेल आणि मन उडण्यातच असेल तर सरळ उडायला जा, कुणी नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या वर्षाला पोचलीच आहेस तर मी अर्धवट सोडू देणार नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी दोघं पुढं वैमानिक झाली. त्यांनी स्नॅगबुकात, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, लिहिलेली तक्रार वाचली की आमचं अर्धं निदान तिथंच व्हायचं: आवाज कधी आला, कितव्या आरपीएमला, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर कसं होतं, कोणता मॅग्नेटो बंद केल्यावर गेला. बाकीचे लिहायचे, "इंजिन रफ."

तुमच्या अभ्यासक्रमात कापडाचं काम आता बहुधा परीक्षेपुरतंच असेल. तुझ्या वर्कशॉपमध्ये जुना पंख पडलेला असला तर शिक्षकांची परवानगी घे आणि एका पट्टीवरचं कापड स्वतःच्या हातानं शिवून बघ. मेण लावलेला दोरा, लांब सुई, पंखाच्या खालून वर आणि वरून खाली, दर तीन इंचांवर गाठ, प्रोपेलरच्या झोतात येणाऱ्या भागात त्याहून जवळ. पहिल्या दिवशी एक पट्टीही पुरी होणार नाही आणि बोटं सुजतील. शिवून झालं की मला फोटो पाठव, गाठी कुठं सैल आहेत ते सांगेन.